आजींचं प्रश्नचिन्ह

बेंबळीहून धाराशिवला जाणाऱ्या एसटीत माझ्या मांडीवरच्या इंग्रजीच्या उत्तरपत्रिका बघून शेजारच्या आजींनी मोबाइल पुढं केला. "बाई, हे बरूबर हाय का बघा."

पुण्यातल्या नातीला मराठी वाचता येत नाही, म्हणून त्यांनी इंग्रजीत विचारलं होतं, 'तू कधी येणार.' शेवटी पूर्णविराम होता.

"आजी, इथं प्रश्नचिन्ह हवं."

"व्हय? म्हणूनच उत्तर आलं नसंल. तिला वाटलं असंल, आजी नुसतीच बोलतीय."

त्यांनी पदरानं काच पुसली, एका बोटानं चिन्ह शोधलं. मग हळूच म्हणाल्या, "दोन दिले तर चालतंय का? लई दिस झाले तिला बघून."

वर्गात मी एकच द्यायला शिकवते. त्यांना म्हणाले, "द्या."

धाराशिव येईपर्यंत त्यांनी मोबाइल पिशवीत ठेवला नाही.