सत्तावीस नंबरचा शिक्का

तोंडाने ल्युत्सिया ब्रुझिएनेबाई आपल्या सगळ्यांइतक्याच थापा मारत. पण लिहिताना? एक अक्षर खोटं नाही. आमच्या कौनास शहरातल्या रेडिओ कारखान्यात सव्वीस वर्षं तपासनीस होत्या. कारखाना बुडाला तेव्हा लोकांनी तांब्याची तार पळवली, खुर्च्या पळवल्या, एकाने तर दरवाजाच नेला. बाईंनी फक्त आपला शिक्का पर्समध्ये टाकला: ‘तपासले. २७.’

मग २००४ साली बाई आणि मी राहतो त्या इमारतीत तळमजल्यावर तीन पोरांनी इंटरनेटवर दुकान थाटलं. नाव ‘क्रेप्शिस’, म्हणजे टोपली. कुणी कुठूनही आपला गेम, शब्दकोश, गणकयंत्र त्यात टाकावं, कुणीही ते फुकट आपल्या फोनमध्ये घ्यावं. पोरं जाहिरातींवर जगत होती. कशी, ते विचारू नका. त्या काळी प्रत्येक फोनचा पडदा वेगळा, बटणं वेगळी. एकावर पळणारा गेम दुसऱ्यावर मान टाकायचा. म्हणून पोरांनी त्रेचाळीस जुने फोन जमवले होते.

बाई खाली गेल्या होत्या सायकली जिन्यात लावतात म्हणून भांडायला. पाहिलं तर ग्विदास, त्या तिघांतला थोरला, दोनच फोनांवर बघून ‘ठीक’ लिहीत होता.

"बाकीच्या एक्केचाळिसांचं काय?"

"चालत असणार, मावशी."

"असणार?"

दुसऱ्या दिवसापासून बाईंची खुर्ची तिथंच. प्रत्येक प्रोग्रॅमची चिठ्ठी, तिच्यावर शिक्का, आणि चिठ्ठ्या सुईदोऱ्यात ओवून खिडकीला, जशी आम्ही अळंबी वाळत घालतो तशी. ग्विदासने त्या शिक्क्याचं चित्र काढून दुकानातल्या प्रत्येक वस्तूशेजारी लावलं.

अळंबीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. बाराविकास ही अळंब्यांची राणी, आणि ती हमखास उगवते अशी एक जागा ब्रुझिएनेबाईंच्या घरात तीन पिढ्या होती. आजीने आईला दाखवली, आईने बाईंना. नवऱ्याला नाही. बिचारा ब्रुझिस तीस शरद ऋतू रस्त्यावर टोपल्या धरून उभा राहिला आणि जागा न बघताच वारला.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात राजधानी विल्नियसच्या कुणा शहाण्याने दुकानात एक प्रोग्रॅम पाठवला. अळंबी कुठं सापडली ते लिहायचं, सगळ्यांनी वाचायचं. आमच्यात माणूस पगार सांगेल, ऑपरेशनचा व्रण दाखवेल, पण अळंबीची जागा? असो. बाई तपासायला बसल्या. ‘जागा’ असा रकाना आला. शिक्क्याखाली खोटं कसं लिहायचं? त्यांनी खरी लिहिली, त्रेचाळीस वेळा. कारखान्यात तपासणी झाली की सगळं पुसत, तसं इथंही पुसतील हा हिशेब. पोरांनी तपासलेली प्रतच तशीच दुकानात चढवली.

गुरुवारी मी साखर मागायला खाली गेलो होतो. (साखर घरात होती.) ग्विदास आनंदाने ओरडला, "मावशी, सहाशे जणांनी घेतलासुद्धा! तुम्ही लिहिलेली नमुन्याची जागा पहिलीच दिसते!"

बाईंचा चेहरा दह्यासारखा झाला. "पूस तो."

"आता कसा? लोकांच्या फोनमध्ये गेलाय. तिथून परत नाही बोलावता येत."

मी वर आलो, तो प्रोग्रॅम फोनमध्ये घेतला. मग अळंबीच्या चाकूला धार लावली.

शनिवारी उजाडता उजाडता मी गाडीने वारेना गावाच्या पुढे, जुन्या डांबरभट्टीमागे, बर्चच्या तीन झाडांच्या उतारावर पोचलो. बाई ओंडक्यावर बसलेल्या, काठी आडवी धरून. शुक्रवारच्या शेवटच्या बसने येऊन गावात मुक्काम केला होता.

"झेनोनास! तुम्ही?"

"डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

"शंभर किलोमीटर? टोपली घेऊन?"

मी शेजारी बसलो. आणखी कुणी येतंय का म्हणून दोघंही रस्त्याकडे बघत राहिलो. कुणीच आलं नाही.

"सहाशे लोकांनी वाचलं," बाई म्हणाल्या. "एकही कसा नाही?"

"अहो बाई, खरी जागा कोण लिहितं? दुकानात त्याखाली लोकांनी लिहिलेले शेरे वाचलेत? एक म्हणतो, तिथं शेवाळसुद्धा उगवत नसेल. दुसरा म्हणतो, माझी आजीही अश्शीच थाप मारायची."

आता कुणालाही हायसं वाटलं असतं. बाई भडकल्या. "थाप? सत्तावीस नंबरचा शिक्का आहे त्यावर!"

"मग कळवा ना त्यांना, खरी आहे म्हणून."

त्यांनी तोंड उघडलं, उताराकडे पाहिलं, तोंड मिटलं. सव्वीस वर्षांची अब्रू एकीकडे, पानांतून डोकावणाऱ्या तपकिरी टोप्या दुसरीकडे.

"मेल्यांनो, नका विश्वास ठेवू," शेवटी त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही का ठेवलात?"

"तुमचं लिहिलेलं आहे म्हणून."

बाई जरा सरकल्या. "तीन बर्चच्या अलीकडचं तुमचं. पलीकडे पाऊल टाकलंत तर काठी आहे."

संध्याकाळी जिन्यात वरच्या मजल्यावरची व्हेरोनिका आडवी आली. वर्षानुवर्षं बाईंच्या टोपलीवर डोळा. "अगबाई, एवढ्या बाराविकास! कुठं मिळाल्या?"

इतकी वर्षं बाई तिला दर खेपेला नवं जंगल सांगत आल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे सांगितलं, "वारेनाच्या पुढे. डांबरभट्टीमागे, तीन बर्चच्या उतारावर."

व्हेरोनिकाने नाक मुरडलं. "सांगायचं नसेल तर सांगू नका, उगाच बनवता कशाला!"