चढावर गेलेलं पाणी

आधीच कबूल करते, या सदरातले अनुभव मी चहाबरोबर वाचते आणि खुशाल हसते. वळणावर बंद पडलेली गाडी, मागे वळून पाहिलं तर कोणीच नाही... वाचायला मजा येते, विश्वास शून्य. त्यात माझं कामच असं की भूतखेतांना जागा उरत नाही. मी ड्रेनेजची इंजिनीअर आहे. नवीन लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वस्तीत, रस्त्याला किती उतार द्यायचा, नाली कुठून कुठे न्यायची हे ठरवायचं आणि झालेलं काम तपासायचं, हेच वर्षानुवर्षं करते आहे. पाणी उताराकडे जातं. बस्स. माझं घर या एका वाक्यावर चालतं.

तरीही लिहायला बसले, कारण गेल्या एप्रिलमध्ये एका लग्नात मी जे पाहिलं ते... थांबा, आधी जागा सांगते, नाहीतर काही कळायचं नाही.

नागपूरहून कामठी रोडने निघून आत वळलं की हा लेआउट लागतो. नाव सांगणार नाही. प्लॉटचे भाव हलले तर मंडळी माझ्या रामदासपेठेतल्या ऑफिसात ठाण मांडून बसतील. लेआउटच्या तोंडाशीच एक मोठं कडुलिंबाचं झाड, त्याच्याभोवती ओटा, ओट्यावर शेंदूर लावलेला मारुती. ओट्याच्या मागून मोठा नाला वाहतो. ओट्यापासून सरळ आत सिमेंटचा रस्ता जातो आणि रस्त्याच्या टोकाला कुसुमताईंचं घर आहे. रस्त्याच्या कडेने नाली. माझ्या ड्रॉइंगमध्ये हिशेब अगदी साधा होता. नाली कुसुमताईंच्या दारापासून सुरू व्हायची, हळूहळू खोल होत जायची आणि मारुतीच्या मागे नाल्यात पडायची.

कुसुमताईंचं घर त्या ओळीत सगळ्यात बुटकं. आपल्याकडे रीतच आहे ना, प्लॉट घेतला की आधी ट्रकभर-ट्रकभर मुरूम टाकून तो रस्त्यापेक्षा चांगला कमरेएवढा उचलायचा. पाणी दुसऱ्याच्या दारात गेलं तर जाऊ दे! रस्त्यावरून घरात जायला मग असा काही रॅम्प करतात की स्कूटर चढवताना पोटात गोळा यावा. सगळ्यांनी तसंच केलं. एकट्या देवरावजींनी केलं नाही.

देवरावजी म्हणजे कुसुमताईंचे यजमान. कामठीला पॉवरलूमवर आयुष्य काढलेला माणूस. प्लॉटवाल्यांच्या पहिल्या मीटिंगमध्ये सगळे मला विचारत होते की रस्ता किती रुंद, दोन गाड्या लागतील का, कडेचे सिमेंटचे गट्टू लाल बसवणार की पिवळे. आणि मागून यांचा हात वर.

“म्याडम, पाणी कुठं जाईन जी?”

खरं सांगते, त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं मला! इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी अर्धा तास उत्साहाने समजावलं, बाकीचे जांभया देत होते आणि देवरावजी मान डोलवत होते. पुढे मी साइटवर गेले की ते हजर. घर बांधताना मिस्त्री म्हणाला की जोतं उचला, तर ऐकेनात.

“लेव्हल म्याडमनं ठरवून देलं ना? मंग घर कायले उचलू? शेजाऱ्याच्या दारात पाणी ढकलू का?”

घर पूर्ण झालं आणि वर्षाच्या आतच देवरावजी गेले. हार्ट अटॅक. त्यांची एकच हौस राहिली होती. मुलीचं, स्नेहलचं, लग्न याच दारातून करायचं. लॉन नको, हॉल नको. आयुष्यभर भाड्याच्या खोलीत राहिलेल्या माणसाची हौस ती, आणि कुसुमताईंनी ती पदराला गाठ मारून ठेवली होती. एप्रिलमधली तारीख ठरली, पत्रिका वाटल्या, दारासमोरच्या रस्त्यावर मांडव घालायचं ठरलं. लेआउटमधलं पहिलं लग्न!

लग्नाच्या थोडं आधी प्लॉटवाल्यांच्या समितीने मला झालेलं काम तपासायला बोलावलं. मी लेव्हलचं यंत्र लावलं, मोजपट्टी धरायला लावली आणि पाहतच राहिले. नाली उलटी! मारुतीकडचं टोक वर, कुसुमताईंकडचं खाली. म्हणजे पाऊस आला की अख्ख्या रस्त्याचं पाणी नाल्यात न पडता गुमान कुसुमताईंच्या दारात येणार.

झालं असं होतं. त्या टोकाची सगळी मापं आम्ही ओट्याच्या वरच्या पातळीपासून खाली मोजून धरली होती. ओटा जुना, दगडी, हलणार थोडाच? पण माझं ड्रॉइंग निघालं आणि नाली खोदायला सुरुवात झाली, त्या मधल्या काळात भक्तमंडळींच्या उत्साहाला भरती आली. त्यांनी ओट्यावर काँक्रीट ओतलं, वर चकाचक टाइल्स लावल्या. ओटा दीड वीत वाढला, आणि कंत्राटदाराच्या माणसाने मोजपट्टी टाइल्सवर ठेवून दिली. नालीचं ते टोकही दीड वीत वर गेलं.

समितीचे अध्यक्ष ढोबळे काका माझ्या शेजारीच उभे होते, तोंडभर हसत.

“कसा चमकून राहिला ओटा म्याडम! आमच्या सगळ्याइची सेवा आहे.”

“काका, तुमच्या सेवेनं नाली उलटी केली!”

“असं कसं होईन? मारुतीचं काम आहे.”

 मी तणतणत कुसुमताईंकडे गेले. नाली फोडून पुन्हा करावी लागेल, कंत्राटदार लग्नाआधी यायचा नाही, आणि तुमचं दार या रस्त्यातलं सगळ्यात खालचं... सगळं सांगितलं. म्हटलं, अजून वेळ आहे, लॉन बघा. कुसुमताईंनी पुढ्यातले तांदूळ निवडणं थांबवलं नाही.

“एप्रिलमंदी कायचा पाऊस जी? लग्न होऊ द्या, मंग फोडा.”

“आणि आला तर?”

“तर येईन. पोरगी त्यायच्याच दारातून जाईन. मी शब्द देला आहे म्याडम. माणूस असता तर त्याच्याशी भांडून शब्द मागं घेतला असता. आता कोणाशी भांडू?”

 मलाही आमंत्रण होतंच.

लग्नाच्या दिवशी नागपुरी ऊन असं की डांबर उकळावं. धरमपेठेतून निघताना नवऱ्याने छत्री दिली तर मी त्याला वेड्यात काढलं. मांडवात काय थाट होता! आलू-वांग्याची भाजी रटरटत होती, मोठ्या परातीत बुंदी, मठ्ठ्याची पिंपं. वऱ्हाड कामठीहून संदलचे ढोल वाजवतच आलं आणि एकेक काका असा नाचला की कंबर जागेवर राहिली याचंच नवल. दुपार कलली तसं पश्चिमेकडून आभाळ काळं व्हायला लागलं. विदर्भातला अवकाळी पाऊस तो, त्याला कोण पत्रिका देतं! आधी धूळ, मग टपोऱ्या गारा, मग धो-धो.

मांडवाची ताडपत्री चांगली होती, वरून थेंब येत नव्हता. पोट्टे गारा वेचत होते, बायका हसत होत्या, बँडवाले ढोलांवर प्लास्टिक घालत होते. पण माझं लक्ष खाली होतं. रस्त्यावरचं पाणी नालीत शिरलं, नालीतून आमच्याकडे यायला लागलं. जसं यायला हवं तसंच, उताराने. बघता बघता आमच्याकडचं टोक काठोकाठ भरलं आणि पाण्याची एक जीभ काठावरून रस्त्यावर आली. पुढे मांडवातली नवरा-नवरीची जागा, त्याच्यापुढे दाराची एकच पायरी. कुसुमताई पायरीवर उभ्या होत्या. मांडवात या गोष्टीची धास्ती आम्हा दोघींनाच होती. त्यांचा चेहरा पाहवेना मला. मी मनातल्या मनात त्या कंत्राटदाराचा, टाइल्सचा आणि माझ्या अख्ख्या शिक्षणाचा उद्धार केला.

आणि पाणी थांबलं.

पाऊस नाही थांबला हं, पाऊस तसाच कोसळत होता. काठावरून आलेलं पाणी थबकलं आणि मागे सरकून परत नालीत गेलं. नालीत झेंडूच्या आणि शेवंतीच्या पाकळ्या तरंगत होत्या, त्या क्षणभर जागच्या जागी फिरल्या. मग एकेक करून निघाल्या... मारुतीकडे. चढाकडे!

मी साडी गुडघ्यापर्यंत खोचून मांडवाबाहेर धावले. माझ्या पर्समध्ये हातभर नाही, पण बोटभर स्पिरिट लेव्हल, चढ-उतार दाखवणारी बुडबुड्याची नळी, कायम असते. हसा, पण असते. नालीच्या काठावर ठेवली. बुडबुडा सरळ मारुतीकडे गेला. म्हणजे चढ तिकडेच होता, काहीच बदललं नव्हतं. आणि पाणी मजेत, रमतगमत नाही, चांगलं सपासप त्याच बाजूला चाललं होतं.

“अहो, तिकडे चढ आहे!” मी ओरडले. कोणाला? पाण्याला! शुद्धीवर असलेली, दोन डिग्र्या घेतलेली बाई भर पावसात सिल्कची साडी खोचून नालीला ओरडत होती. त्याचा व्हिडिओ नवऱ्यामुलाच्या आतेभावाकडे आहे.

मग सगळेच धावले. ढोबळे काकांनी वाकून पाहिलं, माझा बुडबुडा पाहिला, पाणी पाहिलं आणि छाती फुगवली.

“म्हटलं होतं ना मी? मारुतीनं वढलं!”

“मारुती कायले? माहेरच्या देवीनं,” स्नेहलची मावशी म्हणाली.

कुसुमताई मात्र पायरी उतरून नालीपाशी आल्या, पाण्यात बोटं बुडवली आणि हसल्या. त्या घरात मी इतक्यांदा गेले, पण त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. त्यांचं पाहून मलाही हसू आलं आणि मग रडू आलं आणि पुन्हा हसू. तेवढ्यात बँडवाल्याने ढोलावरचं प्लास्टिक भिरकावलं आणि अख्खं वऱ्हाड पावसात नाचायला लागलं. मी? मीही नाचले. ढोबळे काकांबरोबर फुगडीसुद्धा घातली, आता लपवून काय उपयोग.

मंगलाष्टकं झाली, पंगती उठल्या. संध्याकाळी स्नेहल त्याच दारातून निघाली तेव्हा रस्ता धुतल्यासारखा स्वच्छ होता आणि तिच्या पायाला चिखलाचा ठिपका नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र घेऊन मी पुन्हा तिथे. झोप कुठली! सगळी मापं नव्याने घेतली. नाली उलटीच. मग टँकर मागवला आणि मारुतीकडच्या टोकाला पाणी सोडलं, तर पाणी शहाण्या मुलासारखं कुसुमताईंच्या दारात आलं. वाऱ्याने ढकललं असेल? वारा उलट दिशेचा होता. गारांचा बांध बसला असेल? बांधाने पाणी अडतं, चढत नाही. खालून कुठे भगदाड? नाली या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली, अखंड होती. ओळखीच्या दोन इंजिनीअरांना सांगितलं, तर एकाने विषय बदलला आणि दुसऱ्याने विचारलं की उन्हाचा त्रास होतो का हल्ली.

खरा पेच पुढेच होता. नाली फोडायची म्हटलं तर लेआउट पेटून उठला. समितीची मीटिंग ओट्यावरच भरली. ढोबळे काकांना नालीला कठडा हवा होता, कोणी उदबत्तीसाठी कोनाडा सुचवला. “एवढी चालू नाली कोण फोडते जी?” असं सगळे मलाच विचारत होते. आणि मी, जी उताराच्या एका बोटासाठी कंत्राटदारांशी हमरीतुमरीवर येते, ती तोंड उघडू शकत नव्हते. काय सांगणार? की पाणी चढावर जात नाही? मी स्वतः पाहिलं होतं! पण पावसाळा तोंडावर आला होता आणि पुढच्या पावसाची हमी मी कशी देणार?

तेव्हा कुसुमताई उभ्या राहिल्या.

“फोडा जी म्याडम. बरोबर उतार काढून द्या.”

“अवं वैनी, तुमच्याच दारात तर चमत्कार झाला!” ढोबळे काका कळवळून म्हणाले.

“झाला ना. म्हणूनच सांगून राहिली. घरचं कार्य होतं, कोणीतरी धावून आलं, एक दिवस राबलं. आता काय दर पावसात त्यालेच कामाले लावता? जो कोणी असन, त्याले आराम करू द्या.”

 ढोबळे काकांनी टोपी काढली, पुन्हा घातली. नाली फोडायचा ठराव एकमताने झाला.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. मारुती, देवी, देवरावजी, की पाण्याचा कुठलासा नियम जो मला शिकवायचा राहून गेला, मला माहीत नाही. माझा अजूनही कशावर विश्वास नाही, असं म्हणायला तोंड उघडते आणि अर्ध्यावर थांबते एवढंच.

नवी नाली मी स्वतः उभी राहून करून घेतली. पावसाळ्यात एकदा मुद्दाम पाहायला गेले. चांगला सडकून पाऊस पडत होता, आणि पाणी कुसुमताईंच्या दारापासून निघून उताराने खळखळत नाल्याकडे चाललं होतं. हुबेहूब ड्रॉइंगप्रमाणे. कुसुमताई छत्री घेऊन माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

“बरोबर जाऊन राहिलं ना जी?”

“अगदी बरोबर,” मी म्हटलं.

काम पाहून झालं होतं. तरी आम्ही दोघी पाऊस उघडेपर्यंत तिथेच उभ्या होतो, पाणी कुठे वाट चुकतं का बघत.