मराठीत भरलेला अर्ज

गावच्या अंगणवाडीत मदतनिसाची एकच जागा निघाली होती. मी विधवा, बारावी पास. विधवेले जास्तीचे गुण. जागा माझीच, असं सारं गाव म्हणे. माझी मोठी जाऊ मात्र कुरकुरे, "नवरा जित्ता असनं गुन्हा हाय का?" तिनंही अर्ज भराचं ठरवलं.

शेवटच्या दिवशी दोघी एकाच एस्टीनं लाखांदूरले गेलो. अर्ज मराठीतच भरा, असं साइटवर लिहिलेलं. ऑनलाइन सेंटरवाल्यानं माझं नाव मराठीत टाकलं, मी डोळ्यानं पाहिलं, त्यानं बटन दाबलं. जाऊ म्हणाली, "तू गाडीत जागा धर, तुही पावती मी आणतो."

पावती तिनं घरी पोचल्यावर दिली. पाहतो तर काय, नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं! गावाच्या जागीही तेच.

दुसऱ्या दिवशी सेंटरवाल्याच्या बोकांडी बसली. तो म्हणे, "ताई, त्या साइटले मराठी पचत नाही. भरताना बरोबर दिसते, जमा झालं की प्रश्नचिन्हं होतात. तुमची पावती पाहून समजलं, म्हणून तुमच्या जाऊबाईचं इंग्रजीत टाकलं, ते चाललं."

"अन् माहं?"

"काल रद्द करून पुन्हा भरता आलं असतं. मी म्हटलं, बोलवा त्याईले. जाऊबाई म्हणाल्या, राहू द्या, ती गाडीत बसली. आता मुदत संपली."

मसणात जावो मेली!

कार्यालयातला बाबू म्हणे, "अर्जाचा नंबर तुमचा, कागदं तुमची. पण उद्या कोणीही येऊन म्हणन, मीच ते प्रश्नचिन्ह." बाजूचा शिपाई खो खो हसला. अर्ज बाद झाला, ऑर्डर जावेले आली.

आता माही पोरगी तिच्याच हातची खिचडी खाते. दोन घास जास्तच वाढते तिले, खोटं काहून बोलू? पोरगी तिले मोठी आई म्हणे. मी दटावून शिकवलं, मोठी आई नाही, बाई म्हणाचं. पोरगी रडली, तरी शिकवलं.

त्या दिवशी मी अंगणवाडीच्या दारातच उभी होती. पोरीनं ताट पुढं केलं अन् म्हणाली, "बाई, मले वाढा."

जावेचा हात थांबला. डोळे भरून आले तिचे, साऱ्या लेकरांसमोर. मले लय बरं वाटलं.