सोड्यानं थांबणारी धडधड

“मॅडम, ये गॅस नहीं है,” हृदयाचे डॉक्टर म्हणाले, आणि मी आधी वळून नवऱ्याकडे बघितलं.

आजाराचं नाव कळलं की माणूस घाबरतो म्हणतात. मला राग आला. चार वर्षं मी घरात सांगत होते की छातीत एकाएकी धडधड सुरू होते आणि तशीच एकदम थांबते. चार वर्षं उत्तर एकच. गॅस.

डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, सुप्राव्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया. सगळे एसव्हीटी म्हणतात. हृदयाला ठोक्याचा इशारा पोचवणारी एक वाट असते. माझ्यात जन्मापासून एक जास्तीची वाट होती. इशारा कधी कधी त्या दोन वाटांवर गोल फिरत राहायचा आणि बसल्या जागी हृदय पळायला लागायचं.

आता गॅसबद्दल. आम्ही रायपूरचे, पण मूळ विदर्भातले. हे रेल्वेत. आमच्या घरात गुडघ्यापासून डोक्यापर्यंत काहीही दुखलं तरी ते गॅसनंच दुखतं. धडधड सुरू झाली की हे कोपऱ्यावरच्या दुकानातून थंडगार सोडा आणायचे. मी तो घटाघटा प्यायचे, दणदणीत ढेकर यायचा आणि धडधड खरंच थांबायची. “पाह्य, गॅसच होता,” हे म्हणायचे.

दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं शांत झालेलं असायचं. ईसीजी, म्हणजे ठोक्यांचा आलेख, दर वेळी निर्दोष. एकदा होल्टर लावलं. छातीला चिकटवलेलं ते यंत्र दिवसभर ठोक्यांची नोंद घेतं. त्या दिवशी माझं हृदय पाहुण्यांसमोर पोर वागतं तसं शहाण्यासारखं वागलं. मग एका डॉक्टरांनी वय विचारलं, नोकरी विचारली आणि ॲन्झायटी लिहिलं, म्हणजे जिवाला घोर. आगीतून उठून फुफाट्यात पडले. घरी आता गॅसच्या जोडीला टेन्शनही आलं.

आजार शेवटी पकडला तो मनगटावरच्या घड्याळानं, पण ते मी आजारासाठी घेतलंच नव्हतं. मी नवा रायपूरला एका ऑफिसात काम करते. आमच्या साहेबांनी पावलांची स्पर्धा लावली आणि बघता बघता सगळ्यांच्या मनगटावर ती चौकोनी घड्याळं आली. एक बाबू खुर्चीत बसून हात हलवायचा, पावलं वाढावीत म्हणून. एक मॅडम सकाळी उठून घड्याळाला विचारायच्या, मला झोप नीट लागली का. मी हसायचे. पण सगळ्यांच्या हातावर आहे आणि आपल्याच नाही, हे किती दिवस बघवणार? मुलीनं ऑनलाइन मागवलं. तिला कुठलीही वस्तू घ्यायची तर सगळ्यात जास्त सोयींची लागते, म्हणून त्यात ईसीजीही होता. डाव्या हातातल्या बांगड्या उतरवून मी ते बांधलं.

एका सकाळी ऑफिसच्या बसमध्ये धडधड सुरू झाली. बसनं नुकताच तेलीबांधा चौक सोडला होता. पुढे रस्ता ऐसपैस, पण ना टपरी ना दुकान. सोडा आणायचा कुठून? मला दरदरून घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारच्या बाई पदरानं वारा घालत होत्या. मुलीनं शिकवलेलं आठवलं आणि घड्याळाच्या कडेवर बोट ठेवून अर्धं मिनिट हात हलवला नाही. घरी असते तर तोवर सोडा पोटात गेला असता.

घड्याळात उतरलेला तो आलेख बघून हृदयाच्या डॉक्टरांनी गॅस मोडीत काढला. सोड्याचंही त्यांनीच समजावलं. थंड घोट, ढेकर, पोटावरचा जोर यांनी व्हेगस नावाची नस जागी होते आणि ती हृदयाला ब्रेक लावते. म्हणजे औषध लागू पडत होतं, रोगच चुकीचा ठरवला होता. दर वेळी पुरावा आम्हीच पिऊन टाकत होतो. बाहेर आल्यावर हे म्हणाले, “म्हणजे सोडा बरोबरच होता ना?” मी सरळ गाडीकडे चालायला लागले.

उपाय होता ॲब्लेशन. मांडीच्या शिरेतून तार हृदयापर्यंत नेतात आणि ती जास्तीची वाट जाळून टाकतात. आत जाताना घड्याळ काढून मी यांच्याकडे दिलं. मुलगी सांगते, सगळा वेळ हे त्या घड्याळाकडेच बघत बसले होते. ते तेव्हा कोणाच्याच हातावर नव्हतं.

नंतर दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी यांना दोन बोटांनी नाडी बघायला शिकवलं आणि मला म्हणाले, “अब घडी की जरूरत नहीं.” मुलीनंही टुमणं लावलं, “मम्मी, अब तो उतार दो.” मी उतरवलं नाही. खरं सांगते, त्याचा तब्येतीशी काही संबंध नव्हता. चार वर्षं माझ्या शब्दाला किंमत नव्हती, आणि त्या घड्याळाचं अर्ध्या मिनिटाचं म्हणणं सगळ्यांनी मान डोलावून ऐकलं. असा साक्षीदार हातचा सोडवत नव्हता.

पण एका संध्याकाळी साक्षीदारच उलटला. ऑफिसातून आले ती ओट्याला टेकून उभी राहिले. “आज माह्याच्यानं सैपाक होत नाही,” मी म्हणाले. यांनी माझा हात उलटा केला आणि घड्याळ वाचलं. “पंच्याहत्तर. एकदम नॉर्मल हाय तुह्यं.”

मी पट्टा सोडला आणि घड्याळ पिठाच्या डब्यावर ठेवलं. “आता सांगा, कशी हाय मी?”

बघायला काही उरलं नाही तेव्हा यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग पट्ट्याखालच्या पांढुरक्या कातडीवर दोन बोटं ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर लावली. मी काही बोलायला गेले तर म्हणाले, “मोजून राहिलो ना.” मोजणी दोनदा चुकली. शेवटी माझा हात तसाच धरून त्यांनी विचारलं, “थकली काय तू?”

“हव,” मी म्हणाले. एवढं बोलताना मला रडू आलं.

खिचडी यांनी केली. ती खाली लागली होती, तरी मी दोनदा घेतली.

तुमच्या घरात कोणी छाती धडधडते म्हणालं, तर सोडा आणायला पळू नका आणि त्या सोड्यावर विसंबूही नका. आधी नाडी धरा, मग डॉक्टर गाठा. माझं घड्याळ अजून आहे. ऑफिसला जाताना बांधते, घरी आले की चपलांशेजारी काढून ठेवते. हे हल्ली तोंडानं विचारतात, कशी हाय म्हणून. बहुतेक वेळा उत्तर ऐकायला थांबतातही.