अण्णांनी हलका ठरवलेला रोग

टेंभुर्णीच्या स्टँडवर अण्णांनी माझी पत्र्याची पेटी एसटीच्या टपावर चढवली, दोरीनं तीनदा आवळली आणि खाली उतरून मला म्हणाले, "पुण्यात कुणी विचारलं तर सांग, शेतकऱ्याची पोर आहे. इथं कुणी विचारलं तर काय सांगायचं ते मी बघतो." वडिलांचा निरोप एवढाच. रडायचं काम मायकडं होतं आणि ती ते मनापासून करून राह्यली होती. मधेच रडणं थांबवून ती सूचना द्यायची, "शोभे, सुईला हात लावू नको गं बाई." आता सांगा! मायक्रोबायोलॉजी शिकून मी एड्सच्या विषाणूवर काम करणाऱ्या लॅबमध्ये निघालेली. सुईला हात न लावता मी तिथं काय रांगोळ्या काढणार होते?

ही नव्वदच्या दशकातली शेवटशेवटची गोष्ट. गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखी पेटी बांधून निघून गेलेल्यांनो, दोघांसाठी लिहितेय. आपण एकमेकांचं अर्धंच ऐकतो आणि उरलेलं मनानं भरतो, त्यातून काय होतं ते सांगायचंय.

अण्णा म्हणजे माझे वडील. कापसाच्या संकरित बियाण्याचे प्लॉट करायचे. आमच्या जालना जिल्ह्यात हा धंदा घरोघरी. एका ओळीत नर, चार ओळीत मादी. दुपारनंतर बायांनी मादीच्या कळ्या सोलून ठेवायच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल त्यावर फिरवायचं आणि खुणेला लाल धागा बांधायचा. अण्णा त्यातले उस्ताद. बोंड हातात घेऊन वाण सांगायचे आणि चुकायचे नाहीत. चुकले तरी चुकलं म्हणायचे नाहीत. एकदा अख्खा प्लॉट भेसळ निघून नापास झाला, तेव्हासुद्धा म्हणाले की तपासणीवाल्याची नजर कमजोर आहे.

तर अण्णांनी गावात सांगून टाकलं, शोभा पुण्याला बियाण्याच्या लॅबमध्ये लागली. गावाला पटलंही, कारण आमच्याकडं लॅब म्हटलं की बियाण्याचीच. झालं! मी दिवाळीला घरी गेले की माणसं पुड्या घेऊन हजर. "शोभे, एवढं उगवंल का बघ बरं जल्दी." नाही कसं म्हणणार? दिवसभर मी लॅबमध्ये रक्तातल्या विषाणूची ओळख पटवायची आणि हॉस्टेलवर आल्यावर ओल्या फडक्यात टेंभुर्णीचं बियाणं गुंडाळून खिडकीत ठेवायची. माझी रूममेट नागपूरची. तिला वाटायचं हे आमच्याकडचं काही व्रत आहे. एकदा तर तिनं फडक्याला हळदकुंकू वाहिलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं. त्या बियाण्यातलं निम्मं उगवलंच नाही, आणि त्याचा ठपका गावात लॅबवर आला.

तिसऱ्या वर्षी खोटं फुटलं. गावातला एकजण कामानं पुण्याला आल्ता, त्यानं मला लॅबच्या फाटकातून निघताना पाहिलं आणि वरची एड्स संशोधनाची पाटी वाचली. मी घाबरले. आता अण्णा तोंड दाखवणार नाहीत, माझं लग्न ठरायच्या आधीच मोडणार, असं काय काय. पण अण्णांनी काय करावं? ते त्याच दिवशी स्टँडजवळच्या चहाच्या हॉटेलात जाऊन बसले आणि म्हणाले, "हो, एड्सवर संशोधन करती माझी लेक. तुमच्याच्यानं होतंय का?" मला बाप म्हणून तो माणूस तेव्हा जितका आवडला तितका कधी आवडला नव्हता.

आता संशोधकाचा बाप म्हटल्यावर माहिती पाहिजे. पुढच्या सुट्टीत मी निघायच्या दिवशी अण्णांनी मला खाटेवर बसवलं. "सांग बराबर, तू तिथं करतीस काय?" मला चारची एसटी गाठायची होती. पिशवी खांद्याला, एक पाय चपलेत. मी म्हणाले, "अण्णा, जसे कापसाचे वाण, तसे या विषाणूचे प्रकार. ए, बी, सी, डी असे. अमेरिकेत जास्त करून बी सापडतो, आपल्याकडं सी. औषधं आणि लशींचे प्रयोग आधी तिकडच्या प्रकारावर झाले, म्हणून आपल्याकडचा सी नीट तपासावा लागतो. ते आमचं काम." अण्णा खूष. "आता कळलं," म्हणाले. मी पळत जाऊन एसटी पकडली. जागासुद्धा मिळाली खिडकीची. केवढा आनंद झाला होता मला!

मग बरीच वर्षं गेली. माझं लग्न झालं, पुण्यात दोन खोल्या झाल्या. मी "करून राह्यले" म्हणायचं सोडून "करतीये" म्हणायला लागले. घरी बोलणं महिन्यातून दोनदा. माय विचारायची जेवलीस का, अण्णा विचारायचे पाऊस आहे का, की संपलं.

आणि एका दुपारी लॅबमध्ये कैलासभाऊचा फोन आला. कैलास हे खरं नाव नाही. त्याला विचारून, नाव बदलून लिहितेय, आणि ओळखू आलाच तर ओळख दाखवू नका. माझा चुलतभाऊ. लहानपणीच बाप गेला, अण्णांनी वाढवला, अण्णांच्याच प्लॉटवर बायांची टोळी सांभाळायचा. जाफराबादच्या एसटीडी बूथवरून बोलत होता आणि आवाज एकदम मजेत.

"शोभे, तपासणीत निघालं गं मला. एड्सचं."

"काय?" मी ओरडलेच.

"घाबरू नको येडे," तोच मला म्हणाला. "तू एवढंच सांग, माझा सीच असंल ना?"

"असेल. आपल्याकडं बहुतेक तोच असतो. पण भाऊ, डॉक्टर काय म्हणले?"

"ते म्हणले ताकद लई कमी झाली, गोळ्या चालू करा, सरकार फुकट देतं, रोज घ्यायच्या, बंद करायच्या न्हाईत. पण सी आहे म्हणल्यावर काय गरज? अण्णानी कवाच सांगितलंय. सी उतरलेला आहे."

मी विचारलं, उतरलेला म्हणजे? आणि मग सगळा प्रकार कळला. बियाणंवाल्याचा हिशोब असा असतो: संकरित बियाणं पहिल्या वर्षी जोरात येतं. त्याचंच घरी राखून दुसऱ्या वर्षी पेरलं की उतरतं. तिसऱ्या वर्षी तर पेरूच नये, नुसतं पानं दाखवतं. अण्णांनी माझ्या अर्ध्या माहितीला हा हिशोब लावला. ए म्हणजे पहिल्या वर्षाचा, बी दुसऱ्या वर्षाचा, आणि फिरत फिरत भारतात येईपर्यंत तिसऱ्या वर्षाचा झाला, म्हणून सी. म्हणजे आपल्याकडं आला तो पार दम गेलेला माल. हे त्यांनी हॉटेलात जाहीर केलं, आणि अण्णांनी बियाण्याबद्दल सांगितलं म्हटल्यावर गावानं मान डोलावली.

मी फोनवर घसा फोडून सांगितलं की सी बिलकुल हलका नाही, जगात सगळ्यात जास्त माणसांत तोच पसरलाय, गोळ्या सुरू कर. कैलासभाऊ शांतपणे म्हणाला, "तू शिकलेली आहेस गं. पण बियाण्यात अण्णाचा अंदाज आजवर चुकला न्हाई." वर शपथ घातली, "अण्णाला कळू द्यायचं न्हाई. त्यांच्यापुढं मान खाली घालून मी जगायचो न्हाई."

म्हणजे बघा कसं सापडले मी. कैलासभाऊ ऐकणार फक्त अण्णांचं. अण्णांनी शब्द मागं घेतला तरच तो गोळ्या घेणार, नाहीतर हसत हसत मरणार. आणि अण्णांनी शब्द का मागं घ्यावा, हे मला अण्णांना सांगता येत नव्हतं. त्यात अण्णा म्हणजे जन्मात कधी "माझं चुकलं" न म्हणलेला माणूस. लॅबमधल्या साहेबांना सांगितलं घरी अडचण आहे, आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर अण्णांना प्लॉटवर गाठलं. बाया कळ्या सोलत होत्या, कैलासभाऊ लांब टोकाला उभा. शर्ट त्याच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता. मी आडपडदा न ठेवता म्हणाले, "अण्णा, तुमचं चुकलंय."

"पस्तीस वर्षं झाली बियाणं करून राह्यलो," अण्णा म्हणाले आणि पुढच्या झाडाकडं वळले.

मी पिशवीतून आमच्या लॅबमधला कागद काढला. विषाणूच्या जनुकांतल्या अक्षरांची जुळवाजुळव करून काढलेली झाडासारखी आकृती. अण्णांनी चष्मा लावला. "हे काय, झाड?"

"वंशावळ आहे, विषाणूची."

वंशावळ म्हटल्यावर अण्णा थांबले. भाऊबंदांच्या वाटणीत निम्मं आयुष्य गेलेला माणूस, कागदावर फांद्या दिसल्या की आधी कोण कुणाच्या पोटचं ते बघतो. बोट फिरवत म्हणाले, "हा सी कुणाचा? बीचा पोरगा?"

"नाही ना! कुणाचाच पोरगा नाही. ए, बी, सी सगळे एका मुळाचे, आपापले वाढलेले. भाऊभाऊ म्हणा."

"मंग मागंपुढं अक्षरं कुणी लावली?"

"शास्त्रज्ञांनी. एकेकाची ओळख पटत गेली तशी देत गेले. त्याचा जोराशी काही संबंध नाही."

अण्णांनी मुळापासून एकेक फांदी पुन्हा मोजली. "म्हणजे गट नंबरसारखं," ते हळूच म्हणाले. "तीन नंबरच्या गटातली जमीन एक नंबरपेक्षा हलकीच असंल, असं कुठं असतं?"

"तेच तर सांगतेय कधीची! आणि दोन प्रकार एकाच माणसात शिरले तर त्यांचा संकर होतो आत."

"कोण करतं? बाया लावल्यात का आत?"

"आपोआप होतो, अण्णा."

हे ऐकून मात्र अण्णा बांधावर खालीच बसले. एवढ्या बाया, दुपारची सोलणी, सकाळची फुलं, लाल धागे, तेव्हा कुठं आपला एक संकर होतो. आणि हा हरामखोर फुकटात करतो, तेही सुट्टी न घेता. त्या विषाणूबद्दल अण्णांच्या तोंडावर पहिल्यांदा आदर दिसला, आणि आदरामागून भीती. त्यांनी चष्मा काढला, टोकाला उभ्या कैलासभाऊकडं बघितलं, मग माझ्याकडं. विचारलं काहीच नाही. शपथ पाळली मी, देवाशप्पथ.

पुढचा दिवस बाजाराचा. अण्णा धुतलेलं धोतर नेसून हॉटेलात गेले, जाताना कैलासला म्हणाले, "चल, चहा पिऊ." मी शेजारच्या दुकानात बांगड्या बघायचं नाटक करत उभी.

"ऐका रे," अण्णा म्हणाले. "एड्सचा सी उतरलाय म्हणून मी सांगितलं होतं. ते चुकलं माझं."

एका म्हाताऱ्यानं काळजीनं विचारलं, "अण्णा, तब्येत बरी आहे ना?"

"मला काय धाड भरली? ते बियाणं न्हाईच. ते गाजरगवत आहे. गाजरगवत कुणी पेरलं होतं? कुठल्या देशातून आलं, आपल्याकडं येऊन उतरलं का? बांध खाल्ले, रान खाल्लं, शाळेचं मैदान खाल्लं. आपल्या मातीत त्याला उलट जोर आला. तसा हा सी. ज्या कुणाला डॉक्टरनं गोळ्या सांगितल्या असतील, त्यानं बियाण्यातल्या माणसाचं ऐकू नये. मला कळत न्हाई त्यातलं. बिलकुल कळत न्हाई."

मी बांगड्यावाल्याकडून नको असलेल्या डझनभर हिरव्या बांगड्या भरून घेतल्या आणि डोळे पुसले. कैलासभाऊनं कप खाली ठेवला, मान वर केली नाही. त्याच संध्याकाळी त्यानं बायकोला, कडूबाईला, सगळं सांगितलं. ती आधी त्याला फाडफाड बोलली, मग रडली, मग सकाळच्या पहिल्या एसटीनं त्याला गोळ्या सुरू करायला जालन्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिचीही तपासणी झाली, तिला काही नव्हतं. भाऊला हे कुठून आलं ते मी आजतागायत विचारलेलं नाही. आमच्या लॅबमध्ये विषाणूची वंशावळ विचारतात, माणसाची नाही.

काही महिन्यांनी मायचा फोन. "अगं, अण्णांचे डोळे गेले वाटतं. दर महिन्याला कैलाससोबत जालन्याला जातात, चष्म्याचा नंबर काढायला. चष्मा तर जुनाच आहे."

मी अण्णांना फोनवर बोलावलं. "काय म्हणतो चष्मा?"

"ते सोड," अण्णा खुशीत म्हणाले. "दोन किलो वाढला."

"कोण?"

अण्णा खोकले. मग म्हणाले, "वासरू."

आमच्या गोठ्यात तेव्हा वासरू नव्हतं, बैलसुद्धा विकून झाले होते. मी म्हणाले, "त्याला वेळेवर खाऊ घाला, अण्णा. एक दिवस चुकवू नका." ते म्हणाले, "मी असतो ना जालन्याला बाहेर बाकड्यावर बसलेला. तू काळजी करू नको." कैलासभाऊला वाटतं अण्णांना काही माहीत नाही, आणि अण्णा त्याला ते वाटू देतात. पुण्यात मला कुणी विचारलं तुमचं घर कुठं, तर मी पत्ता पुण्याचाच सांगते. पण जिथं माझ्या घाईतल्या एका वाक्यावर माणूस मरायला निघतो, आणि त्याला परत आणायला माझा बाप बाजाराच्या दिवशी भर हॉटेलात चूक कबूल करतो, ते माझं घर. तिथून निघताना आता माझी एसटी चुकली तरी चालते.