शोकेसमधली ताटं

“मावशी, तुमी दोघी स्टीलच्या ताटात अन् आमी कागदावर, असं काहून?”

पाहुणी बाई हे हसतच बोलली. पोळीचा तुकडा तिच्या हातात होता. शेजारी बसलेल्या तिच्या मुलीनं मान खाली घातली. माझ्या नातीनं माझ्याकडे पाहिलं. तसं ती माझ्याकडे कधी पाहत नाही.

“धुवाचा तरास नको म्हणून,” मी म्हणाले. ते खोटं होतं आणि सगळ्यांना कळलं.

नात मालेगावला एका दवाखान्यात नर्स आहे. पाहुणीची मुलगी तिच्यासोबतच काम करते. त्यांचं किराणा दुकान आहे, जैनाचं घर. ड्युटी संपली की नात बरेचदा त्यांच्याकडेच जेवते. स्वयंपाकघरात बसून, त्यांच्याच ताटात.

“मग ताट धुते कोन?” मी एकदा विचारलं होतं.

“ज्याचं त्यानं. कवा कवा तिची आई बी धुते माह्यं.”

माझा विश्वास बसला नव्हता. नातीला वाटायचं, आजी जुन्या काळातली आहे, बोलत राहते.

तिनं त्या दोघींना मेडशीला जेवायला बोलावलं तेव्हा तिची एकच मागणी होती. “त्याइनं आपल्या घरी, आपल्या चांगल्या ताटात जेवावं, आजी. बाकी मले काही नाही पाह्यजे.”

चांगली ताटं म्हणजे चिनीमातीचा सेट. पांढरी ताटं, काठाला हिरवी पानं, तसल्याच वाट्या. माझा नवरा मालेगावच्या बाजारात हमाली करायचा. त्यानं तो सेट घेतला आणि पोत्यात गुंडाळून, एसटीत मांडीवर ठेवून घरी आणला. एकाही ताटाला टवका गेला नव्हता. मी दोन ताटांच्या मध्ये वर्तमानपत्र घालून ती शोकेसमध्ये ठेवली. बाबासाहेबांच्या जयंतीला आणि दिवाळीला काढून पुसायची, परत ठेवायची. त्यात कोणी जेवलेलं नाही. नवराही नाही. तो म्हणायचा, “पाहुने आले की काढू.” पाहुणे यायचे, पण ते आमचेच, भाऊ-भाचे. त्यांना स्टीलचं चालायचं.

त्या दिवशी सकाळी नातीनं ती ताटं धुतली. दवाखान्यातून कोणाचं तरी घडीचं टेबल आणलं होतं, त्यावर धुतलेली चादर घातली. काचेच्या गिलासात अंगणातला झेंडू ठेवला. चार ताटं मांडली, प्रत्येकाच्या उजव्या हाताला वाटी. मागं सरून पाहिलं आणि वाट्या पुन्हा सरळ केल्या. मी कांदा-लसूण न घालता तुरीचं वरण आणि दोडक्याची भाजी केली, शेवयांची खीर केली. बटाटासुद्धा घरात ठेवला नाही. इथपर्यंत माझं काही चुकलं नव्हतं.

मग त्या दोघी एसटीतून उतरून आल्या. बाईच्या हातात पाण्याची बाटली होती. मी तांब्या पुढं केला. ती म्हणाली, “राहू द्या मावशी, माह्याजवळ हाये.”

मला जे समजायचं ते मी समजले. लहानपणी माझी आई आसेगावला एका व्यापाऱ्याच्या घरी धान्य पाखडायला जायची. तिची कपबशी ओसरीच्या छपरात खोचलेली असायची. चहा पिऊन ती स्वतः विसळून परत तिथंच खोचायची. नवरा गेला तेव्हा बाजारातली एक बाई भेटायला आली होती. मी चिनीमातीच्या कपात चहा दिला. ती तासभर चांगलं बोलली, पण कपाला हात लावला नाही, आणि चहावर साय धरली. ती गेल्यावर मी तो चहा मोरीत ओतला. कप फोडावासा वाटला होता.

नात पाहुण्यांना मागच्या अंगणात हात धुवायला घेऊन गेली. तेवढ्यात मी ताटं उचलली, शोकेसमध्ये घातली. जयंतीच्या जेवणातल्या कागदी पत्रावळी उरल्या होत्या, त्यातल्या दोन त्यांच्यासाठी मांडल्या. आम्हा दोघींना रोजची स्टीलची. मला वाटलं, त्यांच्यावर नाही म्हणायची पाळी आणायची नाही. खरं तर ते ‘नाही’ मला पाहायचं नव्हतं. शोकेसच्या वर बाबासाहेबांचा फोटो आहे. त्याच्याखाली उभं राहून मी हे केलं.

नात परत आली, टेबल पाहून जागीच थांबली. तिनं वाढायला घेतलं.

बाईच्या प्रश्नाला मी खोटं उत्तर दिलं, तेव्हा तिचं हसू गेलं. तिनं बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मावशी, हे उकळलेलं पानी हाये. माहा नेम हाये. मी सख्ख्या बहिनीच्या घरी गेलो तरी हेच पेतो.” मग ती म्हणाली, “तुमी मले विचारलं असतं त सांगतलं असतं.”

मी उठले. “थांबा, ताटं काढतो.”

“बस खाली,” नात म्हणाली. आवाज चढवला नाही. “आता नको काढू. आता काढशीन त ते त्याइनं मांगून घेतल्यावानी होईन.”

“बरोबर बोलते पोरगी,” बाई म्हणाली आणि पत्रावळीतलं वरण भाताला लावून खाऊ लागली.

वरण पातळ होतं. पत्रावळ मऊ पडली आणि चादरीवर पिवळा डाग पसरला. बाईची मुलगी ओढणीच्या टोकानं तो पुसत होती. नातीनं तिचा हात धरला, “राहू दे वं.” खीर दोघींनी संपवली. मागून घेतली नाही. दोघीही मला नमस्कार करून गेल्या. नात रात्री राहणार होती, तीही त्यांच्याच एसटीनं गेली.

ती अजून त्यांच्याकडे जेवते. माझ्याकडे येते, दोन दिवस राहते, बोलते. कोणाला घेऊन येत नाही. मी एकदा म्हटलं, “आन ना त्याइले परत.” ती म्हणाली, “कोन्या तोंडानं आनू?”



त्या दुपारी खोलीत आम्ही चौघीच होतो: ती बाई, तिची मुलगी, माझी नात आणि मी. आसेगावचा व्यापारी नव्हता, चहा न पिता गेलेली बाजारातली बाईही नव्हती.