चूल दिसणारं हॉटेल

हेमराजचं जमत आलेलं लग्न मी मोडलं. झुंबरकाकूला, म्हणजे त्याच्या आईला, वाटतं तिनं मोडलं. पण हॉटेल मी निवडलं होतं.

हेमराज माझा धाकटा चुलतभाऊ. वय अडतीस. पारोळ्याजवळ बारा एकर बागायत, सुपारीचंही व्यसन नाही. सतरा मुली पाहून झाल्या होत्या. मुलगा शेती करतो म्हटलं की लोक चहाचा कप खाली ठेवतात. असा राग येतो! तीन वर्षांपूर्वी त्यानं नवं घर बांधलं. ओट्याला ग्रॅनाइट, गॅस, वर चिमणी. त्या घरात तो आणि आई, दोघंच.

अठरावी भाविका. धुळ्यात लॅबमध्ये रक्त तपासते. पहिली भेट बाहेरच करू, असं तिच्या वडिलांनी सुचवलं. हेमराजनं दोन हॉटेलं शोधली. शेवभाजी, भरीत, कळण्याची भाकरी दोन्हीकडे. एक शहरात, पितळी ताटं, भिंतींवर जुनी कोरीव दारं आणि एसी. दुसरं हायवेला, खाटा, कंदील, सारवलेलं अंगण आणि गिऱ्हाइकांसमोर पेटलेली चूल. त्याचा कल शहरातल्याकडे होता. मीच शहाणपणा पाजळला, "अरे, आपण कोण ते दिसू दे की त्यांना." माझा शब्द त्यानं कधी मोडलेला नाही. तेच नडलं.

रविवारी दुपारी सगळं झकास चाललं होतं. भाविका मोकळेपणी बोलत होती. लॅबमधली काहीतरी गंमत तिनं सांगितली आणि हेमराज खळखळून हसला. कॉलेजनंतर त्याला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात ताटात कडा फुटलेली भाकरी आली. काकूला ते सहन होईना. ती तडक चुलीपाशी गेली, भाकरीवाल्या बाईला बाजूला सरकवलं आणि ताटाएवढी भाकरी थापली. खाटाखाटांवरून वाहवा झाली, लोकांनी मोबाइल काढले. काकूचं भान सुटलं. घामेजलेल्या तोंडानं तिनं भाविकाला हाक मारली.

"ये वं बेटा, तू बी एक थाप!"

भाविका उठली नाही. तिनं वडिलांकडे पाहिलं. त्यांनी उचललेला घास ताटात परत ठेवला.

सोमवारी भाविकाच्या वडिलांचा फोन मलाच आला. "मुलगा सोन्यासारखा आहे हो. पण भाविकाची आई चुलीपुढे खोकून खोकून गेली. पोरीवर ती वेळ येऊ देणार नाही, असा शब्द दिलाय मी तिला."

"अहो, त्यांच्या घरात चूलच नाही!" मी ओरडलोच.

"काकूंचा चुलीवरचा सराईत हात बघितला ना आम्ही. जाऊ द्या," ते म्हणाले आणि फोन ठेवला. मी पुन्हा केला, चारदा केला. उचलला नाही.

संध्याकाळी हेमराजच्या घरी जाऊन सांगितलं. काकू ओट्याला टेकून उभी राहिली. "मन्हा पोरनं वाटोळं मीच कयं," एवढंच म्हणत राहिली. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं, की काकू, तिथं नेलं मी. भ्याडासारखा गप्प बसलो.

मी निघालो तेव्हा हेमराज दारापर्यंत आला.

"भाऊ, आते मन्हासाठे पोर देखू नका. माय शे तवलोंग आम्ही दोन्ही. तिना मांगे मी एकलाच."

काकू त्याच्या मागेच येऊन उभी होती. आई आहे तोवर दोघं, तिच्यामागे तो एकटाच, हे सगळं तिनं ऐकलं होतं.